रिकामी पुरचुंडी

द्वारका गवई यांना शाळेत कोणी गवई मॅडम म्हणत नसे. मुलं पाठीमागे 'कण मॅडम' म्हणत, आणि हे नाव इतकं रुळलं होतं की फाटकावरचा चौकीदारसुद्धा पालकांना "कण मैडम की क्लास ऊपर है" असं बिनदिक्कत सांगायचा. बाईंना हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

नावामागे एक फजिती होती. नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीने बाई जयपुरात आल्या आणि एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवू लागल्या, तेव्हाची गोष्ट. आपण ज्याला अणू म्हणतो त्याला इकडे परमाणु म्हणतात, आणि आपल्या रेणूला म्हणतात अणु. बाईंनी पहिल्याच आठवड्यात अकोल्याचा अणू जयपुरी पोरांच्या गळी उतरवायचा प्रयत्न केला. शेवटी पुढच्या बाकावरची एक मुलगी भाबडेपणाने म्हणाली, "मैडम, फिर परमाणु कहाँ गया?" त्या दिवसापासून बाईंनी शक्य तिथे दोघांनाही लांबून नमस्कार केला आणि 'कण' हा शब्द धरला. कण इकडेही कणच होता.

नववीच्या पहिल्या धड्यावर त्यांचा फार जीव. पदार्थ कणांचा बनलेला आहे, कणांमध्ये जागा असते, कण सारखे हलत असतात. एवढ्या तीन गोष्टी समजल्या की अर्धं रसायनशास्त्र आपोआप समजतं, असं त्यांचं ठाम मत. एप्रिलमध्ये वर्ग सुरू झाला की त्या टेबलावर काचेच्या बशीत एक डांबरगोळी ठेवत. जयपूरचं ऊन असं की गोळी रोज डोळ्यांदेखत झिजायची. मग उन्हाळ्याची सुट्टी. सुट्टीनंतर मुलं परत येत तेव्हा बशी रिकामी असे, आणि बाई खुर्चीत बसायच्या आधीच विचारत, "गोली कहाँ गई?"

दरवर्षी कोणीतरी म्हणायचंच, "खत्म हो गई, मैडम."

हे उत्तर ऐकलं की बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "खत्म? खत्म कैसे होगी? न पिघली, न पानी बनी, सीधे हवा में निकल गई. दिखती नहीं, इसका मतलब यह थोड़े ही है कि नहीं है! गोली इस दीवार में है, तुम्हारी कॉपी में है, तुम्हारी यूनिफॉर्म में है." मग मुलं एकमेकांच्या बाह्या हुंगत आणि वर्गभर खसखस पिकायची. परीक्षेत 'गोली गायब हो गई' लिहिणाऱ्याला बाई अर्धा गुणही देत नसत. त्या बाबतीत दयामाया नाही.

आता घरचं ऐका. बाईंचे यजमान उत्तमराव रेल्वेच्या डबे दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेले. अकोला सुटलं, मग खंडवा, रतलाम, अजमेर आणि शेवटी जयपूर. ज्यांचं आयुष्य बदल्यांत गेलं त्यांच्या घरात पत्र्याच्या पेट्या असतात, वर पांढऱ्या रंगात नाव लिहिलेल्या. प्रत्येक गावी निम्म्या पेट्या उघडल्याच जात नाहीत. पुन्हा बांधायच्याच आहेत तर उघडायच्या कशाला, हा हिशोब. आणि न उघडायच्या पेटीत कसर लागू नये म्हणून मलमलच्या पुरचुंड्या बांधून त्यात मूठमूठ डांबरगोळ्या. सगळ्या बदलीवाल्या बायका हेच करत, आणि एकमेकींना सांगतही, की कंजूषपणा करू नको, भरपूर घाल. जगतपुऱ्यात स्वतःचा फ्लॅट झाला तरी पेट्या तशाच गच्चीलगतच्या खोलीत राहिल्या. पाहुण्यांना त्या खोलीत वास यायचा. बाईंना येत नसे. तो त्यांना वास वाटतच नव्हता, घर वाटायचं.

मुलगा प्रबुद्ध जयपुरातच वाढला, नोकरीलाही इथेच लागला. त्याची बायको अक्षदा इथल्याच शास्त्रीनगरची. तिचे वडील सदाशिवराव तरुणपणी एका कारखान्यात आले आणि जन्मभर त्याच दोन खोल्यांत राहिले. त्यांच्या घरी पेटी नव्हती, एक कपाट होतं, आणि त्यात कडुलिंबाचा पाला. अक्षदाची आई ती कॉलेजात असतानाच गेली. त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी करायचा प्रश्नच नव्हता. द्वारकाबाईंनी तिला जवळ बसवून सांगितलं, "तुझी आई नाही असं मनात आणायचं नाही. मी आहे ना." आणि त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं.

जानेवारीत मुलगा झाला. त्या दिवसांत जयपुरात अशी थंडी होती की दुपारीही माणसं उन्हाचा तुकडा शोधत फिरत होती. बाळ घरी यायच्या आदल्या दिवशी बाईंनी सगळ्यांत जुनी पेटी उघडली. त्यात त्यांच्या आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी होती. इतकी मऊ, की हातात धरली तर निसटायची. प्रबुद्धला लहानपणी तिच्यातच गुंडाळलं होतं. सोबत त्याचीच झबली, टोपरी, दुपटी, सगळं घडी घालून ठेवलेलं. बाईंनी पेटीच्या कोपऱ्यात हात घातला तर पुरचुंडी रिकामी. गाठ तशीच, आत काही नाही.

'बरं झालं,' त्यांच्या मनात आलं. 'गोळ्या संपल्यात. आता धुवायची कटकट नको.'

हो. त्यांच्याच मनात आलं हे. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते उगाच नाही. बाईंनी गोधडी गॅलरीत दोनदा झटकली आणि घडी करून पाळण्यात घातली.

बाळ घरी आल्यावर पहिले दोन दिवस आनंदात गेले. मग ते पिवळं दिसायला लागलं. शेजारणी म्हणाल्या, पीलिया आहे, सगळ्याच लेकरांना होतो, कोवळं ऊन दाखवा. दाखवलं. पण पिवळेपणा ओसरायच्या ऐवजी पायांपर्यंत उतरला, बाळ दूध ओढेना, आणि लंगोटावर चहासारखा डाग दिसला तेव्हा प्रबुद्धने गाडी काढली.

दवाखान्यात बाळाला उघडं करून, डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्यांखाली ठेवलं. दूध पाजण्यापुरतं बाहेर काढायचं, कपडे घालायचे, गोधडीत गुंडाळायचं आणि आईजवळ द्यायचं, अशी व्यवस्था. डॉक्टरीणबाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या, पण रक्ताचा रिपोर्ट बघून त्यांचा चेहरा बदलला. साधी कावीळ नाही, म्हणाल्या. रक्तातल्या लाल पेशी फुटताहेत, आणि कशामुळे तरी फुटतच चालल्यात. काही मुलांच्या रक्तात जन्मतःच एक उणीव असते, त्यांना काही वस्तू सोसत नाहीत. तशी तपासणी पाठवली होती, पण उत्तर यायला वेळ होता. असंच चाललं तर बाळाचं रक्त बदलावं लागेल.

"घर में कुछ दिया था क्या?" त्यांनी विचारलं. "कोई घुट्टी, कोई दवा? मेहंदी लगाई? कपड़ों में फिनाइल की गोलियाँ?"

"नहीं जी, ऐसा कुछ नहीं," प्रबुद्ध म्हणाला. त्याला बिचाऱ्याला पेटीतलं काय ठाऊक?

द्वारकाबाई त्याच्या शेजारीच उभ्या होत्या. उत्तर जिभेपर्यंत आलं आणि तिथून मागे फिरलं. गोळ्या? डांबरगोळ्या तर नव्हत्या. पुरचुंडी रिकामी होती, मी स्वतः हात घालून बघितली. ज्या उत्तराला तीस वर्षं त्यांनी लाल रेघ मारली, तेच उत्तर त्यांनी त्या क्षणी घट्ट धरलं, आणि ते खोटं आहे हे धरतानाच त्यांना कळत होतं. डॉक्टरीणबाईंनी सहज त्यांच्याकडे बघितलं. चोराच्या मनात चांदणं. बाईंनी मान खाली घातली आणि चष्मा पुसायला घेतला.

त्या दुपारी त्यांनी एक काम केलं. अक्षदा पडली होती तेव्हा गोधडी उचलली, पिशवीत कोंबली आणि "धुऊन आणते, डाग पडलाय" असं सांगून घरी नेली. वाटेत बाजारातून नवीन ब्लँकेट घेऊन उत्तमरावांच्या हाती दवाखान्यात पाठवलं. मनाला म्हणाल्या, झालं, मूळ कारण गेलं. आता बाळ सुधारेल, आणि कोणाला काही सांगायची गरज पडणार नाही. कोणाला म्हणजे कोणाला, तर सुनेला. डॉक्टरांपेक्षा त्यांना त्या पोरीची भीती वाटत होती. आई नाही असं मनात आणू नकोस म्हणणारी बाई आता कुठल्या तोंडाने सांगणार?

पण बाळ सुधारलं नाही. दुसऱ्या दिवशीचा काविळीचा आकडाही वरच होता.

माणूस घाबरला की दोष द्यायला कोणीतरी शोधतो. प्रबुद्धने शोधली ती बायको. खोलीत सगळ्यांसमोर तो म्हणाला, "तुला कचोरी खायला कोणी सांगितलं होतं? बाळंतीण ना तू?" झालं असं होतं की अक्षदाने शेजारच्यांनी आणून दिलेली अर्धी प्याज कचोरी खाल्ली होती. एवढाच तिचा अपराध. तिने नवऱ्याकडे नुसतं बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. उत्तमराव चिडले, "काहून बोलतं रे तिले? तिच्या खाण्यानं काय होते?" पण प्रबुद्ध ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता.

द्वारकाबाई तिथेच संत्र सोलत बसल्या होत्या. फोडी एकेक करून बशीत ठेवत राहिल्या. एक वाक्य बोलल्या असत्या तर मुलाचं तोंड बंद झालं असतं. नाही बोलल्या. स्वतःची इतकी किळस त्यांना कधी आली नव्हती.

पुढच्या सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कारण सापडत नाही तोवर आईचं दूध दिवसभर थांबवून पाहू. कदाचित तिच्या खाण्यातलंच काही दुधातून जात असेल. दूध दाटून अक्षदाचा गाऊन ओला झाला होता, त्यावर तिने शाल ओढून घेतली. मग हलकेच म्हणाली, "मतलब, माझ्याचमुळे झालंय हे."

नर्सने बाळाला वाटीचमच्याने दूध पाजायला बाहेर आणलं. अक्षदाने हात पुढे केले नाहीत. म्हणून बाईंनी घेतलं. नवीन ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं, डोक्याला टोपरं. बाईंनी त्याला छातीशी धरलं, आणि जन्मात जे त्यांच्या नाकाला कळलं नव्हतं ते आता कळलं. दवाखान्याच्या स्वच्छ खोलीत, फिनेल-डेटॉलच्या वासातही वेगळा, ओळखीचा. तो टोपऱ्याला येत होता. झबल्याला येत होता. गोधडी हलवली, पण त्याच पेटीत तिला चिकटून बसलेल्या बाकी कपड्यांचं काय? गोळीचे कण काय फक्त गोधडीचा पत्ता विचारत गेले होते?

बाईंनी पोराच्या डोक्यावरचं टोपरं ओरबाडून काढलं. झबल्याचे बंद सुटेनात म्हणून तोडले. "आई, काय करतेस!" प्रबुद्ध धावला. बाळ रडायला लागलं.

"डॉक्टर को बुलाओ," बाई नर्सला म्हणाल्या, आणि डॉक्टरीणबाई दारातून आत येईपर्यंत थांबल्यासुद्धा नाहीत. "गोलियाँ थीं. मैंने रखी थीं. बरसों पहले. पेटी खोली तो खत्म हो चुकी थीं, इसलिए..." त्यांनी हातातलं टोपरं पुढे केलं. "मैं साइंस पढ़ाती हूँ, डॉक्टर साहब. मुझे मालूम था. आपने पूछा तब भी मालूम था. मैं चुप रही."

डॉक्टरीणबाईंनी टोपरं नाकाशी नेलं, लगेच दूर धरलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "उस पेटी का एक भी कपड़ा बच्चे के पास नहीं आएगा," एवढंच म्हणाल्या. "और माँ का दूध चालू रखिए. दूध का कोई दोष नहीं."

शेवटचं वाक्य ऐकताच अक्षदाने हात पुढे केले, बाळ घेतलं, आणि शाल ओढून घेतली. सासूकडे बघितलंसुद्धा नाही.

बाळाचं रक्त बदलावं लागलं नाही. आकडा आधी थांबला, मग उतरला. तपासणीचं उत्तर आलं तेही तसंच, डॉक्टरीणबाईंना वाटलं होतं तसं. रक्तातली ती उणीव घेऊनच पोरगं जन्माला आलं होतं, यात कोणाची चूक नव्हती. उत्तमरावांनी बाईंना समजवायचा प्रयत्न केला. "आपल्या प्रबुद्धलेबी त्याच गोधडीत ठेवलं होतं की. त्याले काही झालं का? तुले काय सपन पडलं होतं?"

"त्याचं नाही हो," बाई म्हणाल्या. "नकळत झालं ते झालं. कळल्यावर गप्प बसले त्याचं काय करू?" उत्तमराव उठले आणि एकेक करून सगळ्या पेट्या खाली नेऊन भंगारवाल्याला देऊन आले. प्रबुद्धने बायकोची माफी मागितली का, हे बाईंना कळलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. तो हक्क आपण गमावलाय असं त्यांना वाटत होतं.

बाळ घरी आलं. अक्षदा सासूशी बोलत होती, पण कामापुरतं. पाणी तापलं का, तेल कुठे आहे. बाई सगळं हातात नेऊन देत आणि बाळाला मात्र शिवत नसत. कोणी मना केलं नव्हतं, त्यांचे हातच पुढे होत नव्हते. एके दिवशी सकाळी गॅलरीत ऊन आलं होतं, अक्षदा बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाई समोर खाली बसल्या.

"अक्षदा, मला माफ कर असं म्हणायचीसुद्धा लाज वाटते," त्या म्हणाल्या. "तो तुला नाही नाही ते बोलला, आणि मी संत्र सोलत बसले."

अक्षदा बाळाचा तळपाय चोळत राहिली. मग म्हणाली, "मला वास आला होता, आई."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी. घरी आलो तेव्हाच. गोधडीला इतका तेज वास होता, माझं डोकं दुखलं. रात्री मी ती काढून ठेवायची, सकाळी तुम्ही परत घालायच्या."

"मग बोलली का नाहीस, बेटा?"

"मतलब... तुम्ही सायन्स टीचर." अक्षदाच्या आवाजात राग नव्हता, ती जसं होतं तसं सांगत होती. "मला वाटलं, काही वाईट असतं तर तुम्हाला माहीत असतंच ना. आणि तुमच्या आईची गोधडी ती. तुम्ही माझं सगळं करत होता. मी कसं म्हणू, याला वास येतोय?"

दवाखान्यात सगळ्यांसमोर कबूल करताना जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं. पोरीने ओळखलं होतं. पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, आणि त्यांच्या शहाणपणाच्या धाकाने ती गप्प बसली होती. बाईंना रडू आलं. अक्षदाने त्यांना उगी केलं नाही. रडू दिलं.

थोड्या वेळाने बाई उठल्या. आत जाऊन बाळासाठी जमवलेले सगळे कपडे घेऊन आल्या. उकळत्या पाण्यात धुतलेली नवी झबली, बाजारातली दुपटी, त्यांनी स्वतः दिवाळीनंतर विणलेला निळा स्वेटर. ढीग अक्षदासमोर ठेवला.

"आधी तू वास घे," त्या म्हणाल्या. "मग घालू."

अक्षदा संकोचली. "असं काय, आई. हे सगळं नवं आहे."

"घे म्हणते ना."

तिने एकेक उचलून नाकाशी नेलं आणि बाजूला ठेवत गेली. स्वेटरपाशी थांबली. पुन्हा हुंगला. बाईंकडे बघितलं, नजर खाली केली, आणि मग, या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, म्हणाली, "हा नको."

'अगं, हा तर मी नवा...' एवढं बाईंच्या ओठांवर आलं. स्वेटर नवा होता, पण लोकर? लोकर कधी घेतली होती, कुठे ठेवली होती? त्यांनी स्वेटर हातात घेतला, नाक खुपसून खोल श्वास घेतला. त्यांना काहीही वास आला नाही.

त्यांनी तो उचलून दाराबाहेर ठेवला आणि परत येऊन बसल्या.

"बाकीचे पुन्हा एकदा बघ," त्या म्हणाल्या. "मला कळत नाही."